टाके

तो आला तेव्हा मी नोदच्या वेशीपाशी
झाऊच्या काटक्या मोडत होते.
मी इल्तानी, या मुलखातली सुईण.
त्याच्या कपाळावर खूण होती.
गोंदण नव्हे, डाग नव्हे;
हात लावणाराच भाजेल अशी काहीतरी.
पोरांनी दगड उचलले
आणि हळूच परत ठेवले.
का, ते त्यांनाही सांगता येईना.

पाणी त्यानं मागितलं नाही.
मी ओतलं तेव्हा ओंजळ धरली,
नखांखाली माती, मातीत राबलेले हात.
पण त्यानं पेरलेलं जव कधी वर आलं नाही.
तीन हंगाम पेरलं.
शेजारच्या बांधापर्यंत हिरवं,
बांधाच्या अलीकडे मिठाची पांढरी खपली.
जमीन मुकी असते म्हणतात.
मुकी नव्हती ती. अबोला धरून होती.

मग तो विटा पाडू लागला.
उगवत नाही तर रचावं, म्हणाला.

शीमात, त्याची बायको, थंडीत अडली.
रात्रभर वारा, दिवा दोनदा विझला.
पहाटे मुलगा झाला, चांगला खणखणीत रडला,
आणि पोटावर हात ठेवला तर
पोट अजून घट्टच.
"आणखी एक आहे," मी म्हणाले.
बाहेर त्याच्या हातून वीट पडली.

दुसराही मुलगा.
असं सांगितलं की बाप हसतात,
एकानं तर मला शेळी दिली होती.
हा भिंतीला पाठ लावून खाली घसरत गेला,
जणू लांबच्या एखाद्या शेतातून
कुणी नाव घेऊन हाक मारली.

"आधीचा कोण?" त्यानं विचारलं.
मी तोंड उघडलं.
"नको. सांगू नकोस.
मला नको, त्यांना तर कधीच नको."

फडकी सगळी ओली. काही गरम आहे का, मी विचारलं.
त्यानं गाठोड्यातून एक जुनं कातडं काढलं.
"आईचं. बागेतून निघाली तेव्हा अंगावर होतं."
"शिवलं कुणी?"
"ज्यानं बाहेर काढलं, त्यानंच."

मी ते दिव्याजवळ धरलं.
फाटलेल्या बायका शिवत आयुष्य गेलंय माझं,
टाका मला कळतो.
रागानं घातलेला टाका ताणतो, कडा चुरगळते.
हे टाके बारीक होते, सैल ना घट्ट,
आणि डाव्या खांद्यावर दुहेरी,
जिथे बाई मूल घेते.
तेव्हा तिला मूल नव्हतं.

दार बंद झालं, ते खरं.
तिथे आगीचा पहारा आहे म्हणतात, असेल,
मी बघायला गेले नाही.
पण त्याआधी कुणीतरी बसलं होतं
सुई घेऊन, वेळ काढून.

"हे दोघे मला का दिले?" तो म्हणाला.
"शिक्षा म्हणून, की..."
पुढचं त्याला बोलता येईना.
मला काय ठाऊक? मी नाळ कापते.
"कातडं एकच आहे," मी म्हणाले, "दोन तुकडे करू?"
"नको," तो म्हणाला.
मग दोघांना एकातच गुंडाळलं.
एकाची टाच दुसऱ्याच्या पोटात.
रडत होता तो एकटाच; दुसरा नुसता ऐकत होता.

आता त्यांना मिसरूड फुटलंय. भांडतात.
थोरला कोण, म्हणून लोक मध घेऊन येतात माझ्याकडे.
विसरले, म्हणते मी. मध ठेवून घेते.
विसरलेले नाही.

परवा म्हातारा ओट्यावर येऊन बसला.
खूण तशीच, भोवतीची कातडी मात्र सैल झालेली.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "माझ्या भावाला मुलं झाली असती,
तर एव्हाना एवढी असती, नाही?"
आणि पंजा हवेत धरला,
जमिनीपासून कुणाच्या तरी उंचीवर.

संध्याकाळ झाली. मी दिवा लावून आणला.
हात तसाच होता.